खवले मांजराचें कूळ कोणतें?

(नभोवाणीवरील भाषण)



एकाच प्राण्याला चार भाषांनीं चार निरनिराळ्या कुळांत घालावें, असा योग प्राणिसृष्टींत फार वेळां येत नाहीं. आजच्या भाषणाच्या नायकाच्या वांट्याला मात्र तो आलेला आहे. बंगाली लोक त्याला 'बनरुई' म्हणतात, म्हणजे रानांतला रोहू मासा. हिंदी मुलखांत कित्येक ठिकाणीं तो 'सल्लू सांप' या नांवानें ओळखला जातो. म्हणजे तेथें तो सर्प झाला. संस्कृतांतील 'वज्रकीट' हा शब्द पंडित याच प्राण्याला लावतात. तेथें तो किडा झाला. आणि आपण मराठी माणसें त्याला खवले मांजर म्हणतों. मासा, साप, किडा आणि मांजर! या चौघांपैकीं खरें कोण, हा प्रश्न वरवर पाहतां शब्दकोशकारांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु या प्राण्याला माणसानें कोणत्या पंक्तीला बसविलें, यावर त्याचें जगणें-मरणें आजवर पुष्कळसें अवलंबून राहिलें आहे. आणि तें प्रकरण आपल्या ठाणें जिल्ह्यांतील पोलीसचौकीपर्यंत येऊन पोंचलें आहे. म्हणून त्याच्या कुळाची चौकशी आज थोडी बारकाईनें करण्याचें मीं योजिलें आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या श्रोत्यांना गच्चीवर उभें राहिलें म्हणजे मलंगगडाचा सुळका दिसतो. तेथून पूर्वेकडे मुरबाड-शहापूरचें रान ओलांडून माळशेजच्या घाटापर्यंत गेलें म्हणजे सह्याद्रीची मुख्य भिंत लागते. भारतीय खवले मांजराचा मुलूख पाकिस्तानापासून नेपाळच्या पायथ्यापर्यंत आणि दक्षिणेस थेट सिंहलद्वीपापर्यंत पसरलेला आहे, आणि कोंकण व सह्याद्रि हे त्या मुलखांतच येतात. तरीहि जन्मभर या डोंगरांकडे पाहणाऱ्या माणसानें तें एकदांहि पाहिलेलें नसतें. दिवसा तें बिळांत झोंपतें, रात्रीं एकटें बाहेर पडतें, आवाज जवळजवळ करीतच नाहीं, आणि पाऊल वाजलें कीं अंगाची गुंडाळी करून स्वस्थ पडून राहतें.

ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं त्याचें रूप सांगतों. डोकें आणि धड मिळून हातभराहून थोडें अधिक, फार तर दीड हात. त्यामागें बुंध्याशीं जाड असें लांब शेपूट. वजन दहा ते सोळा किलो. निमुळतें तोंड, बारीक डोळे. पोट, गळा व पायांची आंतली बाजू सोडली तर सारें अंग, कौलारू घराच्या कौलांप्रमाणें एकावर एक बसलेल्या पिंगट खवल्यांनीं शाकारलेलें. या खवल्यांचें वजनच अंगाच्या वजनाच्या सुमारें पांचवा हिस्सा भरतें. अन्न म्हणजे मुंग्या आणि वाळवी. वारूळ फोडण्यासाठीं पुढच्या पायांना लांब वांकडीं नखें आहेत. आंतल्या बोळांत घालण्यासाठीं दोरीसारखी चिकट जीभ आहे, आणि तिचें मूळ घशांत नसून खालीं छातीच्या हाडापलीकडे गेलेलें असतें. दांत मात्र एकहि नाहीं. गिळलेल्या मुंग्यांचें पीठ पोटांत होतें. जठराच्या शेवटच्या भागाची भिंत जाड व खरखरीत असते, प्राणी मधूनमधून बारीक खडेहि गिळतो, आणि जात्याचें काम तेथें चालतें.

याचा वर्ग ठरविणें कठीण नाहीं. माशाचा खवला हाडासारख्या द्रव्याचा असून तो कातडीच्या आंत तयार होतो. खवले मांजराचा खवला कातडीवर वाढलेला असून तो म्हणजे एक रुंद, चपटें नखच होय. आपल्या बोटाचें नख, घोड्याचा खूर, बैलाच्या शिंगावरील टोपण आणि गेंड्याचें शिंग ज्या द्रव्याचें असतें, त्याच केराटिन नांवाच्या द्रव्याचा तो बनलेला आहे. त्यांत दुसरें कांहीं नाहीं. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. शिवाय आपल्या देशांतील खवले मांजराच्या खवल्यांमधून राठ केस उगवलेले असतात, रक्त उष्ण असतें, मादी बहुधा एकाच पिलाला जन्म देते, त्याला दूध पाजते, आणि पिलूं मोठें होऊं लागलें म्हणजे आईच्या शेपटीच्या मुळाशीं आडवें बसून तिच्याबरोबर फिरावयास निघतें. एवढ्यावरून मासा, साप आणि किडा हे तिन्ही उमेदवार बाद झाले. प्राणी सस्तन आहे.

वर्ग ठरला, पण गण ठरेना. सस्तन वर्गांत माणूस आहे, देवमासा आहे, वटवाघूळ आहे आणि उंदीरहि आहे. त्यांतील कोणाशीं याची सोयरीक? येथून पुढें सुमारें अडीचशें वर्षें विद्वानांची जी तारांबळ उडाली, ती सांगण्यासारखी आहे.

प्राणिसृष्टीला शिस्तवार नांवें देण्याचा पायंडा ज्यानें पाडला, त्या स्वीडनच्या लिनिअसनें इ. स. १७५८ मध्यें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत याला 'मानिस' असें नांव दिलें. प्राचीन रोमन लोक मृतांच्या आत्म्यांना 'मानेस' म्हणत. काळोखांत निःशब्द हिंडणारें हें विचित्र जनावर पाहून लिनिअसला पितर आठवले असावेत. नांव सुरेख दिलें. पण बसविलें कोठें? 'ब्रूटा' म्हणजे जड पशु या गणांत, आणि शेजारी कोण, तर हत्ती, समुद्रगाय, दक्षिण अमेरिकेंतील सुस्त 'स्लॉथ' आणि तेथलाच मुंगीखाऊ! लग्नाच्या मांडवांत ज्यांचें नातें कोणालाच सांगतां येत नाहीं अशा पाहुण्यांची जशी एक निराळी पंगत बसते, तशीच ती दिसते.

पुढें १७९८ च्या सुमारास फ्रान्सच्या क्युव्हिएनें हत्तीला त्या पंगतींतून उठविलें आणि उरलेल्यांपैकीं बऱ्याच जणांचा एक 'दन्तहीन' गण केला. या गणाचें नांव जवळजवळ शंभर वर्षें चाललें. त्यांतली गंमत अशी कीं, त्याच गणांत दक्षिण अमेरिकेंतील चिलखती आर्माडिलोहि होता आणि त्याच्या एका मोठ्या जातीच्या तोंडांत शंभराच्या घरांत दांत असतात. पण ही गंमत सोडून दिली तरी मूळ विचारांतच दोष होता. एखादी वस्तु 'नाहीं' यावरून नातें सिद्ध होत नाहीं. गांवांतील सगळे बोळके म्हातारे एका घरचे नसतात.

मग हे प्राणी एकमेकांसारखे दिसतात कां? सकाळीं डोंबिवलीच्या फलाटावर उभें राहून पाहावें. पाठीला पिशवी, पिशवींत जेवणाचा डबा, पावसाळा असल्यास हातांत छत्री. गाडी पुरती थांबण्यापूर्वीं कोणत्या क्षणीं पाऊल टाकावें याचा अंदाज सर्वांना सारखाच. परमुलखांतल्या पाहुण्याला वाटावें, ही सगळी एकाच घराण्याची मंडळी. प्रत्यक्षांत कोणी कोंकणांतला, कोणी खानदेशांतला, कोणी तमिळ, कोणी गुजराती. त्यांना सारखें केलें तें रक्तानें नव्हे. रोजच्या एकाच गाडीनें केलें. निसर्गांतहि असेंच घडतें. मुंग्या-वाळवीवर पोट भरावयाचें ठरविलें कीं लांब तोंड, चिकट जीभ आणि बळकट नखें यांवांचून गति नाहीं. म्हणून दक्षिण अमेरिकेंतील मुंगीखाऊ, आफ्रिकेंतील आर्डवार्क, ऑस्ट्रेलियांतील अंडीं घालणारा काटेरी एकिड्ना आणि आपलें खवले मांजर, हे चौघे चार खंडांत एकाच नमुन्यावर घडले गेले. सारखेपणा धंद्याचा आहे, कुळाचा नाहीं. अशा सारखेपणाला शास्त्रांत निराळें नांव आहे. पण फलाटावरचें उदाहरण ध्यानांत राहिलें तर नांवावांचून अडत नाहीं.

हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांवर ब्लॅनफर्डनें जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो १८८८ ते १८९१ च्या दरम्यान बाहेर आला. त्यांतहि खवले मांजर दन्तहीनांतच आहे. एवढेंच नव्हे, तर आज चिनी जातीला जें शास्त्रीय नांव आपण देतों, तें 'मानिस पेन्टाडॅक्टिला' हें नांव ब्लॅनफर्डनें आपल्या भारतीय जातीला लावलेलें आहे. भारतीय जातीला आतां 'मानिस क्रासिकॉडाटा', म्हणजे जाड शेपटीचें मानिस, असें म्हणतात, आणि तें नांव फ्रान्सच्या झोफ्र्वानें १८०३ सालीं दिलेलें आहे. जुने ग्रंथ चाळणाऱ्यांनीं एवढी सावधगिरी बाळगावी.

या गर्दींतून खवले मांजराला बाहेर काढण्याचा मान माक्स वेबर या डच प्राणिशास्त्रज्ञाचा. १९०४ सालीं त्यानें त्यांचा 'फोलिडोटा', म्हणजे खवल्यांचा, असा स्वतंत्र गण केला आणि तो आजहि चालू आहे. अमेरिकेंतल्या मुंगीखाऊच्या व आर्माडिलोच्या कमरेच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात. खवले मांजराच्या मणक्यांना ते नाहींत. पाठीचा कणाच जर निराळा, तर तोंडाच्या साम्याला किती किंमत द्यावयाची? तथापि स्वतंत्र घर बांधून दिलें म्हणजे शेजार कोणाचा हा प्रश्न सुटत नाहीं. विसावें शतक संपत आलें तरी हाडांवरून निर्णय देणारे कित्येक थोर पंडित खवल्यांच्या गणाला अमेरिकन मुंगीखाऊंच्या लगतच बसवीत होते.

त्यांचा दोषहि फार नव्हता, कारण फसविणारीं हाडें जमिनीखालींहि सांपडलीं. जर्मनींत डार्मस्टाटजवळ मेसेल येथें एक जुनी खाण आहे. तेथील थरांत सुमारें पावणेपांच कोटि वर्षांपूर्वींचे प्राणी केसांच्या ठशांसकट जपलेले मिळतात. तेथें 'एओमानिस' या नांवाचें एक पुरातन खवले मांजर मिळालें आणि १९७८ सालीं गेर्हार्ड श्टोर्ख यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला खवले होतेच. पण तीन वर्षांनीं त्यांनींच त्या खाणींतून दुसरा एक प्राणी उजेडांत आणला आणि तो दक्षिण अमेरिकेंतील मुंगीखाऊचा यूरोपीय नातलग आहे असें सांगितलें. अटलांटिकपलीकडचा हा पाहुणा जर्मनींत कसा आला, यावर मोठा वाद झाला. अखेर मणके तपासतांना ते जादा सांधे त्यांत आढळले नाहींत, आणि त्याला खवले मांजराच्या गोतावळ्यांत आणून बसवावें लागलें. गंमत पाहा, पावणेपांच कोटि वर्षांपूर्वींचा प्राणीहि तोंडावरूनच फसवीत होता.

निकाल लागला तो हाडांवरून नव्हे. सजीवाच्या प्रत्येक पेशींत त्याच्या घडणीची एक पोथीच असते, असें म्हटलें तरी चालेल. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होत जातात आणि नक्कल करतांना अक्षर चुकतें. आपल्याकडील जुन्या पोथ्यांचे संशोधक काय करतात? दोन प्रतींत एकच चमत्कारिक चूक आढळली कीं त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असें ते ठरवितात. तीच रीत प्राण्यांना लाविली. २००१ सालीं विल्यम मर्फी व त्यांचे सहकारी यांनीं अनेक सस्तन प्राण्यांच्या जनुकांचे असे पाठभेद ताडून पाहिले. तेव्हां सगळी जुनी पंगत विस्कटली. आर्डवार्क हत्तीकडे गेला. अमेरिकेंतले मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्माडिलो आपापसांत एकत्र राहिले. आणि खवले मांजर जाऊन बसलें कोणाच्या शेजारीं? तर मांसाहारी गणाच्या. म्हणजे वाघ, कुत्रा, अस्वल, मुंगूस, सील आणि अर्थात् मांजर यांच्या शेजारीं!

हें वाचून हाडांचे पंडित पुन्हां आपल्या कपाटांकडे वळले. तेव्हां पूर्वीं नजरेखालून गेलेल्या दोन गोष्टींचा अर्थ त्यांना लागला. आपल्या मोठ्या व लहान मेंदूंच्या मध्यें एक पडदा असतो, आणि तो कातड्यासारखा मऊ असतो. मांजर-कुत्र्यांत त्याचें हाड झालेलें असतें, आणि खवले मांजरांतहि तें झालेलें आहे. आपल्या मनगटांत दोन लहान हाडें वेगळीं असतात. मांसाहारी गणांत तीं सांधून एक होतात, आणि खवले मांजरांतहि तशींच एक झालेलीं आहेत. बाहेरून चिलखत, शेपूट, जीभ सारें बदललें. कवटीच्या आंतला एक पडदा आणि मनगटांतलें एक हाड, यांनीं घराण्याची खूण जपली. दांतांविषयींहि खुलासा झाला. २०१६ सालीं चिनी आणि मलायी खवले मांजरांची संपूर्ण जनुक-पोथी प्रसिद्ध झाली. तींत दांतांवरील कठीण, चकाकतें आवरण बनविणारीं जनुकें अजूनहि आहेत. पण तीं मोडलेल्या, निकामी स्थितींत आहेत. पडक्या वाड्याचा चौथरा पाहून येथें पूर्वीं माणसें नांदत होतीं असें आपण म्हणतों, तसें या तोंडांत पूर्वीं दांत होते असें आतां निःशंकपणें म्हणतां येतें. दन्तहीनता हें याचें कूळ नव्हतेंच. ती मागाहून आलेली अवस्था होती.

एक खबरदारी घेणें अवश्य आहे. खवले मांजर हें मांजर नव्हे. मांजराला कुत्रा, अस्वल आणि सील हे त्याहून जवळचे आहेत. मांसाहारी गण आणि खवल्यांचा गण यांचे रस्ते निदान सहा कोटि वर्षांपूर्वीं, कदाचित् त्याच्याहि बऱ्याच आधीं, वेगळे झाले. पण आज जिवंत असलेल्या सगळ्या सस्तन प्राण्यांत खवले मांजराला जवळचें म्हणावें असें दुसरें भाऊबंद नाहीं. या दोन गणांना मिळून शास्त्रज्ञ 'फेरी', म्हणजे श्वापदें, म्हणतात. आणि हा शब्द कोणाचा? लिनिअसचाच! १७५८ सालीं त्यानें तो वाघ, कुत्रा व अस्वल यांच्या गणाला दिला होता आणि मानिसला त्या घराबाहेर ठेविलें होतें.

आतां आपल्या मराठी नांवाकडे पाहूं. चार भाषांच्या चार नांवांत एकट्या मराठीचेंच नांव सत्याच्या अंगणांत जाऊन पडलें आहे. मराठींत 'मांजर' हा शब्द एका घरगुती प्राण्यापुरता नाहींच. लहान चणीच्या, चोरपावलांनीं हिंडणाऱ्या श्वापदांचें तें जणूं आडनांव आहे. रानमांजर, उदमांजर, पाणमांजर हीं नांवें पाहा. उदमांजर आणि पाणमांजर हीं दोन्ही खरीं मांजरें नव्हत, पण मांसाहारी गणांतलीं खचित आहेत. साळिंदराच्या अंगावर काटे असूनहि त्याला कोणी 'काटेमांजर' म्हटलें नाहीं. आणि साळिंदर हें उंदरांच्या गणांतलें आहे! इतक्या नेमक्या निवडीचें मला कौतुक वाटतें. परंतु यावरून आपल्या पूर्वजांना जनुकशास्त्र अवगत होतें असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें 'देवमासा' या शब्दाकडे क्षणभर पाहावें. रानांत राबणाऱ्या माणसानें चाल पाहिली, अंगाचा आकार पाहिला, रात्रीची वेळ पाहिली, आणि कातडीवरच्या खवल्यांना नांवांत विशेषणाची जागा दिली, नामाची दिली नाहीं. बंगाल्यानें खवला हेंच मुख्य धरलें आणि त्याचा मासा केला. फरक एवढाच, पण तो लहान नाहीं.

खवल्याला मुख्य धरल्यानें काय अनर्थ होतो, याचा इतिहास चीन देशांत लिहिलेला आहे. तेथील प्रख्यात वैद्य ली शि-चन् यांचा औषधिग्रंथ १५७८ सालीं पुरा झाला व १५९६ च्या सुमारास छापला गेला. माणूस मोठा चौकस होता. त्यानें या प्राण्याचें पोट चिरून पाहिलें, आणि त्यांत शेरभर मुंग्या निघाल्याची नोंद केली. तथापि वर्गीकरण करतांना त्यानें त्याला खवल्यांच्या प्रकरणांत, ड्रॅगनांच्या पंक्तीला बसविलें. चिनी लोक याला डोंगर भेदून जाणारा चिलखतधारी असें म्हणतात. जो डोंगर भेदतो त्याचा खवला शरीरांतला अडथळाहि भेदील, बाळंतिणीचें दूध अडलें असेल तर तें मोकळें करील, असा तर्क त्यांतून निघाला. खवला म्हणजे नख, हें ज्याला ठाऊक आहे तो न्हाव्याच्या दुकानांतील नखांचा कचरा औषध म्हणून विकत घेणार नाहीं. पण जो प्राणी मासाहि नाहीं, पशूहि नाहीं, आणि थोडासा ड्रॅगनच आहे, त्याच्या खवल्यांत कांहीं तरी शक्ति असलीच पाहिजे, असें माणसाला सहज वाटतें. चीननें २०२० सालीं आपल्या अधिकृत औषधिसंहितेंतून हे खवले वगळले. तोंवर चीन आणि भोंवतालच्या देशांतील रानें रिकामीं होत आलीं होतीं आणि व्यापाऱ्यांची नजर आफ्रिका व हिंदुस्थान यांकडे वळली होती.

या प्राण्याचें संरक्षणाचें साधन मोठें विचित्र आहे. गुंडाळी केलेलें खवले मांजर वाघालाहि सहजासहजीं उलगडत नाहीं. पण माणसाला तें उलगडण्याची गरजच नाहीं. फणस उचलावा तसा उचलून पोत्यांत टाकला कीं झालें. जें कवच कोट्यवधि वर्षें उपयोगी पडलें, तेंच पारध्याचें काम हलकें करतें.

आपल्याकडेहि हीच कथा आहे. मांडुळाविषयीं गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या ज्या वेडगळ कल्पना पसरल्या आहेत, त्यांच्याच जोडीला खवले मांजराचें नांव घेतलें जातें. कोंकणांतून किंवा घाटावरून जिवंत प्राणी अगर खवले घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत असलेल्या माणसांना पोलिसांनीं वेळोवेळीं ठाणें जिल्ह्यांत पकडलें आहे. हायवे, रेल्वेचें जंक्शन आणि मुंबईचें बंदर यांच्या मध्यें बसलेल्या या शहरांत असा सौदा व्हावा यांत आश्चर्य नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत हा प्राणी पहिल्या अनुसूचींत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनें. त्याची शिकार वा विक्री करणाऱ्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत आठहि जातींचा परदेशी व्यापार बंद करण्यांत आला. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था कोंकणांतील गांवांतून या प्राण्याच्या रक्षणासाठीं झटत आहे, आणि बीळ कोठें आहे हें ज्यांना ठाऊक असतें त्या गांवकऱ्यांनाच तिनें हाताशीं धरलें आहे, हें मला विशेष शहाणपणाचें वाटतें. शहराच्या कडेला, एखाद्या सोसायटीच्या कुंपणाशीं असा प्राणी आढळला, तर त्याच्या भोंवतीं गर्दी जमवूं नये, त्याला उलगडण्याचा खटाटोप करूं नये, वनखात्यास कळवावें.

वर्गीकरणाचा येथें एक हिशेबहि आहे. मांसाहारी गणांत तीनशेंच्या आसपास जाती आहेत. त्यांतली एखादी गेली तर दुःख होईलच, पण घर उभें राहील. खवल्यांच्या गणांत आज एकच कुल उरलेलें आहे आणि त्यांत सर्वमान्य अशा आठच जाती आहेत, चार आशियांत व चार आफ्रिकेंत. आफ्रिकेंतल्या मोठ्या जातींना खवल्यांमध्यें केस नसतात आणि कानाची पाळ नसते. आपल्याकडील जातींना दोन्ही आहेत. महाराष्ट्रांत एकच जात, भारतीय. चिनी जात आपल्या ईशान्येकडील रानांत आहे. या दोघींतला फरक शेपटीच्या टोंकाशीं पाहावा: भारतीय खवले मांजराच्या शेपटीच्या टोंकाला खालच्या अंगानें एक खवला असतो, चिनी जातीच्या तेथें उघडी कातडी असते.

पण पोत्यांत शेपूट नसतें. नुसते सुटे खवले असतात. तेव्हां कोणत्या जातीचा, कोणत्या रानांतला प्राणी मारला गेला हें ठरविण्यासाठीं आतां खवल्यांतील जनुकेंच वाचावीं लागतात, आणि हें वाचन करतां करतां वर्गीकरणाची यादी पुन्हां हलूं लागली आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनीं २०२५ सालीं ईशान्य भारतांतील खवले मांजर चिनी जातीहून वेगळें आहे असें मांडून त्याला 'मानिस इंडोबर्मानिका' हें नांव सुचविलें. त्याआधीं २०२३ सालीं चिनी संशोधकांनीं आणखी एका आशियाई जातीचा पुरावा प्रसिद्ध केला आणि तिला 'मानिस मिस्टेरिया', म्हणजे गूढ मानिस, असें नांव दिलें. या प्राण्याचें चित्र काढून, बीळ शोधून, पायांचे ठसे मोजून तें नांव दिलेलें नाहीं. हाँगकाँग आणि युन्नान येथें सरकारनें चोरट्या व्यापाऱ्यांकडून जे खवले जप्त केले, त्यांच्या ढिगाऱ्यांत कांहीं खवले आठहि जातींपैकीं कोणाशींच जुळेनात. त्या खवल्यांवरून ती जात ओळखली गेली.